युद्धाच्या बातम्यांतली तीच तीच वाक्यं आपल्या डोक्यात काय करतात?

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवून बघा. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना मारलं, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, आणि तिथून १० मेच्या संध्याकाळपर्यंत साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, स्टँडवर, सलूनमध्ये, मंडईत, जिथं जाल तिथं लोकांच्या तोंडात अगदी सारखी वाक्यं होती. चोख प्रत्युत्तर. पाकला दणका. घुसून मारलं. युद्धजन्य परिस्थिती. सूत्रांची माहिती. ज्यानं दिवसभर टीव्ही बघितला तोही हेच बोलत होता आणि ज्यानं फक्त व्हॉट्सॲप उघडलं तोही हेच. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी बऱ्याच चॅनेलवर चालली, नंतर कळलं की तसं काहीच झालेलं नव्हतं, पण आजही विषय काढून बघा, "कराचीचं काहीतरी झालं होतं की" असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

हे असं का होतं ते नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख. यात लोकांना दोष द्यायचा नाहीये, कारण हे सगळ्यांचंच होतं, शिकलेल्याचं आणि न शिकलेल्याचं सुद्धा. आधी डोकं कसं चालतं ते बघू, मग बातमी कशी तयार होते ते, आणि मग मनात येणारे प्रश्न.

सारखं ऐकलं की खरं का वाटतं

१९७७ मध्ये अमेरिकेत लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो या तिघांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा बोलावलं आणि दर वेळी ६० विधानं ऐकवली. काही खरी, काही खोटी, पण सगळी अशी की पटकन कुणाला खात्रीनं सांगता येणार नाहीत. मुलांनी फक्त हे विधान कितपत खरं वाटतं त्याला १ ते ७ मध्ये मार्क द्यायचे. त्या ६० मधली २० विधानं तिन्ही वेळेला तीच होती, बाकीची बदलत होती. झालं असं की बदलत्या विधानांचे मार्क जिथल्या तिथं राहिले आणि त्या २० विधानांचे मार्क वाढले, मग ती खरी असोत नाहीतर खोटी.

याला मानसशास्त्रात इल्यूजरी ट्रुथ इफेक्ट म्हणतात, आपण सत्याभास म्हणू. कारण असं सांगतात की ओळखीची गोष्ट समजून घ्यायला मेंदूला कमी कष्ट पडतात, आणि कष्ट कमी पडले की आपल्याला वाटतं "हे बरोबर असणार". समजायला सोपं आणि खरं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत पण आतून दोन्ही सारख्याच लागतात.

इथं लगेच कुणीतरी म्हणणार, ज्याला माहिती नाही तो फसणार, मला माहिती असेल तर मी कशाला फसतोय? २०१५ मध्ये लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्या विधानांमध्ये एक असं होतं की स्कॉटलंडचे लोक जो आखूड, चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख घालतात त्याला साडी म्हणतात. आपल्याला हे वाचूनच कसंतरी होतं. त्या पोशाखाला किल्ट म्हणतात, आणि प्रयोगातल्या बऱ्याच लोकांना ते माहीतही होतं. तरीसुद्धा असली चुकीची विधानं आधी एकदा वाचून झालेली असली की ती दुसऱ्यांदा समोर आल्यावर थोडी जास्त खरी वाटत होती, आणि बरोबर उत्तर माहीत असलेल्या लोकांनाही वाटत होती. म्हणजे माहिती डोक्यात असते, पण ती कपाटात ठेवल्यासारखी असते, प्रत्येक वाक्याला कपाट उघडून बघायचे कष्ट आपण घेत नाही.

प्रयोगातला फरक तसा लहानच असतो, ते मान्य. सात पैकी अर्धा मार्क वगैरे. पण तिथं विधान दोन-तीनदाच ऐकवलेलं असतं, आणि युद्धाच्या दिवसात टीव्हीच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी तासाभरात किती वेळा डोळ्यासमोरून जाते ते तुम्हीच बघा, वर ॲंकर तेच ओरडून सांगतोय, मोबाइलवर तेच नोटिफिकेशन, ग्रुपवर तेच फॉरवर्ड आणि शेजारचे काका गेटपाशी येऊन तेच सांगतायत.

मोठ्या प्रमाणावर हे झालं की काय होतं त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण इराकचं आहे. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला अल कायदानं केला. २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकन नेत्यांच्या भाषणात आणि मग टीव्हीवर तीन गोष्टी एकाच दमात येत राहिल्या, ११ सप्टेंबर, दहशतवाद, सद्दाम हुसेन. त्या एकमेकांना चिकटल्या. सप्टेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन पोस्टच्या जनमत चाचणीत ६९ टक्के अमेरिकन लोकांनी सांगितलं की त्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता वाटते. त्याच महिन्यात, १७ तारखेला, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी स्वतः सांगितलं की सद्दामचा त्या हल्ल्याशी संबंध असल्याचा पुरावा आपल्याकडं नाही. तोवर इराकवर हल्ला होऊन सहा महिने झाले होते. "महाविनाशक शस्त्रं" हा शब्द तर तेव्हा आपल्या मराठी पेपरातही रोज यायचा, आणि २००४ मध्ये अमेरिकेनंच नेमलेल्या पथकानं सांगितलं की इराककडं तसे साठे नव्हते. न्यूयॉर्क टाइम्सनं २६ मे २००४ ला वाचकांसाठी टिपण छापून कबूल केलं की आमच्या काही बातम्यांमध्ये जेवढी काटेकोर तपासणी व्हायला पाहिजे होती तेवढी झाली नाही. छापलं हे चांगलंच, पण तोपर्यंत किती माणसं गेली.

एक शब्द बदलला की आठवण सुद्धा बदलते

आता शब्दांकडं येऊ. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती असेल ते विचारलं. फिल्म सगळ्यांना सारख्याच, प्रश्नातलं क्रियापद फक्त वेगळं. ज्यांना विचारलं की गाड्या एकमेकांना टेकल्या तेव्हा वेग किती होता, त्यांनी सरासरी ताशी ३१.८ मैल सांगितला. ज्यांना विचारलं की एकमेकांवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता, त्यांनी ४०.५ सांगितला. पुढच्या प्रयोगात त्यांनी आठवड्यानं मुलांना परत बोलावून विचारलं की तुम्हाला फुटलेली काच दिसली होती का. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. "चक्काचूर" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी हो म्हणून सांगितलं, आणि साधं "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो कारण यात माणसांनी घटना डोळ्यांनी बघितलेली होती. युद्ध तर आपण बघितलेलंच नसतं. जम्मू-काश्मीरमधल्या पूंछ, उरी, सांबा इथलं आपल्याला जे काही दिसतं ते सगळं शब्दातूनच दिसतं, आणि शेजारी जे दृश्य चालू असतं ते कधी जुनं असतं, कधी दुसऱ्याच देशातलं, त्या मे महिन्यात तर व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा खऱ्या लढाईची म्हणून फिरली.

मारलं कुणी ते वाक्यातून निघून जातं

युद्धाच्या बातमीत जी ठराविक वाक्यं येतात त्यातला एक प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो आणि तो सगळ्यात कमी दिसतो. ही दोन वाक्यं वाचा.

इमारत कोसळून २० जण ठार.

विमानांनी बॉम्ब टाकून इमारत पाडली, २० जण ठार.

घटना एकच आहे. पहिलं वाक्य वाचून भूकंप झाला असेल असंही वाटू शकतं. तिथं मारणारा कुणी नाहीच, नुसती इमारत आहे आणि मेलेली माणसं आहेत. "स्फोटात मृत्यू", "हिंसाचारात बळी", "गोळीबारात सापडून ठार", "संघर्ष चिघळला", "तणाव वाढला" ही सगळी त्याच घरातली वाक्यं. तणाव आपोआप वाढत नाही, कुणीतरी कुठंतरी काहीतरी करतं तेव्हा वाढतो.

आणि याच्यात एक ठरलेली पद्धत असते, एकदा लक्षात आली की मग सगळीकडं दिसायला लागते. आपल्याला जवळची वाटणारी माणसं मेली की वाक्यात मारणारा असतो, विशेषण असतं, मेलेल्याचं वय असतं, गाव असतं, फोटो असतो. लांबची माणसं मेली की आकडा असतो आणि "ठार झाले" असतं. गाझा असो, युक्रेन असो, सुदान असो, कुठल्या देशाचं चॅनेल आहे त्यावरून कुणाच्या मरणाला कर्ता मिळणार ते बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. एखाद दुसऱ्या बातमीत असं झालं तर फार बिघडत नाही, बातमी घाईत लिहिलेली असते. पण महिनोन्महिने एका बाजूची माणसं "मारली गेली" आणि दुसऱ्या बाजूची नुसती "मेली" असं वाचत राहिलं की आपल्या डोक्यात पहिली माणसं होतात आणि दुसरी नुसता आकडा होतात, आणि हे झालेलं आपल्याला कळत पण नाही.

थंड शब्द आणि गरम शब्द

काही शब्द मुद्दाम थंड केलेले असतात. १९९९ मध्ये कोसोवोच्या युद्धात नाटोच्या बॉम्बफेकीत सामान्य माणसं मेली त्याला "कोलॅटरल डॅमेज" म्हणायचे, म्हणजे निशाण्याच्या आजूबाजूला झालेलं नुकसान. नुकसान म्हटलं की भिंती, गाड्या, रस्ते डोळ्यासमोर येतात. जर्मनीत दरवर्षी सगळ्यात आक्षेपार्ह शब्द निवडतात, त्या वर्षी त्यांनी हाच निवडला. रशियानं २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला त्याला "विशेष लष्करी कारवाई" असं नाव दिलं, तिथल्या सरकारी यंत्रणेनं माध्यमांना युद्ध आणि आक्रमण हे शब्द वापरू नका म्हणून सांगितलं, आणि ४ मार्चला कायदा झाला की सैन्याबद्दल सरकार ज्याला खोटी माहिती म्हणेल ती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. एका शब्दासाठी एवढा मोठा कायदा कुणी उगीच करत नाही, शब्दानं काय होतं ते राज्य करणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आपल्या मराठीत गरम शब्दांची चलती जास्त आहे. कंठस्नान, यमसदनी, खात्मा, धुमश्चक्री, तांडव, पाकची तंतरली. हे वाचताना अंगात वीरश्री येते, मला पण येते, खोटं कशाला बोलू. पण "तीन दहशतवाद्यांना कंठस्नान" हे वाक्य आपण वर्षानुवर्षं इतक्या वेळा वाचलंय की ते आता न वाचताच कळतं. कुठं झालं, कुणी केलं, ते तिघं कोण होते, ओळख कुणी पटवली, यातलं काही विचारावंसं वाटत नाही. वाक्य पूर्ण वाटतं आणि बातमी अर्धीच असते.

ही वाक्यं येतात कुठून

यामागं दर वेळी कुणाचा तरी कट असतो असं मला वाटत नाही, बराचसा भाग कामाच्या पद्धतीचा आहे. सैन्याची किंवा सरकारची ब्रीफिंग, म्हणजे पत्रकारांना माहिती देणारी बैठक होते, तिथं शब्द मोजून वापरलेले असतात. वृत्तसंस्था त्यातली दोन-तीन वाक्यं इंग्रजी नाहीतर हिंदीत सगळ्या ग्राहकांना एकदम पाठवते. मराठी डेस्कवर बसलेल्या माणसाला मिनिटाभरात पट्टी चालवायची असते, तो कुठून नवीन वाक्य घडवणार, हाताशी जी तयार जोडी असते तीच लावतो. तयार वाक्यांचा एक फायदा असतो, ती कुणी अडवत नाही, वरिष्ठ पण नाही आणि वाचक पण नाही. मग ती पट्टी स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सॲपवर येते आणि तिथून दहा जण तेच सांगायला लागले की आपल्याला वाटतं दहा ठिकाणाहून खबर आली. मूळ ठिकाण एकच असतं.

"सूत्रांची माहिती" याचं पण तसंच. सूत्र म्हणजे नाव न सांगता बोलणारा माणूस. तो खरा असू शकतो, कधी कधी नाव सांगितलं तर त्याची नोकरी जाईल म्हणून पत्रकाराला ते लपवावंच लागतं. पण एका सूत्राचं एक वाक्य दहा चॅनेलवर चाललं तर ती दहा सूत्रं होत नाहीत.

आयर्विन पुलावरच्या फुटांसारखं माप इथं नसतं

सांगलीच्या माणसाला एक गोष्ट चटकन कळेल. पावसाळ्यात कृष्णा वाढायला लागली की आपण दोन शब्द रोज ऐकतो, इशारा पातळी आणि धोका पातळी. तेही वारंवार ऐकलेलेच शब्द आहेत, पण त्यांच्या मागं आयर्विन पुलावरचं माप आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कुणी "परिस्थिती गंभीर" एवढंच म्हणून थांबलं नाही, किती फूट, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, हे बायकापोरं सुद्धा विचारत होती, आणि त्यावर सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की घर सोडायचं ते ठरत होतं. न पटलं तर पुलावर जाऊन बघता येत होतं.

"युद्धजन्य परिस्थिती" किती फुटांवर सुरू होते? "तणाव शिगेला" म्हणजे कालच्यापेक्षा किती जास्त? माप काहीच नाही, आणि जाऊन बघायची सोय पण नाही. म्हणून हा शब्द सोमवारी पण लावता येतो आणि शुक्रवारी पण, आणि दर वेळी आपली छाती तेवढीच धडधडते.

ज्यांच्या घरातलं माणूस तिकडं असतं

साताऱ्याला हे जास्त लागतं. अपशिंगेसारखं गाव आहे इथं, ज्याच्या नावापुढंच मिलिटरी लागतं, पिढ्यान् पिढ्या पोरं सैन्यात गेलेली. पण तेवढंच नाही, खटाव, माण, कोरेगाव कुठंही जा, भावकीत एक तरी फौजी असतोच. आमच्या नात्यातला एक मुलगा त्या दिवसात जम्मूकडं होता. मी त्यांच्या घरी गेलो तर टीव्ही चालू, आवाज पूर्ण बंद, आणि वहिनी पट्टीकडं बघत बसलेल्या, हातात मोबाइल, मुलाचा फोन लागत नव्हता. पट्टी सरकत होती, "सीमेवर धुमश्चक्री", मग जाहिरात, मग परत "सीमेवर धुमश्चक्री". त्या मला म्हणाल्या, भाऊजी, हे कुठलं सेक्टर ते का लिहीत नाहीत हो? जवळजवळ तासभर मी तिथं होतो, तेवढ्या वेळात एकदाही सेक्टरचं नाव आलं नाही. धुमश्चक्री तेवढी आली, सारखी.

सुरक्षेसाठी ठिकाण लपवावं लागतं हे त्यांना कळतं, फौजीच्या घरात ते कुणी शिकवायला लागत नाही. पण मग माहिती नाही तर नाही म्हणा. पोकळ वाक्य सारखं दाखवल्यानं त्या घरात फक्त भीती जाते, बाकी काही जात नाही.

"म्हणजे सैन्यावर शंका घ्यायची का?"

हा प्रश्न येणारच आणि तो प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देतो. ७ मेला सकाळी दिल्लीत जी ब्रीफिंग झाली, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची, ती परत बघा. नऊ ठिकाणांवर कारवाई झाली, वेळ कुठली, ठिकाणं कुठली, ती का निवडली. सरकारनं त्या कारवाईला जी विशेषणं लावली ती नेमकी, मोजूनमापून केलेली आणि तणाव न वाढवणारी अशा अर्थाची होती. तीही निवडूनच लावलेली विशेषणं आहेत, ते पण लक्षात ठेवायचं. पण धुमश्चक्री, तांडव, कंठस्नान ही भाषा त्या टेबलावरची नव्हती, स्टुडिओतली होती. वर्दीतली माणसं शांतपणे बोलत होती आणि ज्यांना गोळी लागायची भीती नाही ते ओरडत होते. त्यामुळं पट्टीवर शंका घेणं म्हणजे सैन्यावर शंका घेणं हे मला पटत नाही.

१० मेच्या संध्याकाळचं पण तसंच. ट्रम्प यांच्या घोषणेनंतर सगळीकडं "युद्धविराम", "शस्त्रसंधी" झालं, आणि मिस्रींचं निवेदन एवढंच होतं की दोन्ही बाजू पाच वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवतील. त्याच रात्री ड्रोन दिसल्याच्या, स्फोटांच्या बातम्या आल्या तेव्हा लोक गोंधळले की शस्त्रसंधी झाली ना मग हे काय. निवेदनातली वाक्यं जशीच्या तशी वाचली असती तर एवढा गोंधळ झाला नसता.

आणि वारंवार वाजवलेली गोष्ट बोथट होते हे सरकारनंही ओळखलं होतं. हवाई हल्ल्याचा भोंगा चॅनेलवाले कार्यक्रमात पार्श्वसंगीतासारखा वाजवत होते, तेव्हा नागरी संरक्षण खात्यानं त्यांना कळवलं की हा आवाज असा वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा भोंगा वाजला तर ते गंभीरपणे घेणार नाहीत. भोंग्याला जे लागू आहे ते "युद्धजन्य परिस्थिती" या शब्दाला पण लागू आहे असं माझं म्हणणं.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण

१९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारचं बघा, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. ७ जून १९४३ ला शेणोलीला इंग्रजांच्या पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं अडवली. इंग्रज सरकारच्या भाषेत हे लोक दरोडेखोर. तुफान सेनेचे नेते, कुंडलचे जी. डी. बापू लाड मात्र म्हातारपणीही "लुटलं" हा शब्द मान्य करत नसत, त्यांचं म्हणणं हा लोकांचाच पैसा होता, तो आम्ही परत आणला. गाडी तीच, पैसा तोच. कुठला शब्द तुम्ही आधी आणि जास्त वेळा ऐकला त्यावर ती माणसं तुम्हाला चोर वाटणार की क्रांतिकारक ते ठरत होतं.

आणि याची दुसरी बाजू आपल्याकडूनच झाली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या सरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारांना आळा घातला, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लावली. पण कुणालाही विचारा या पत्री सरकारानं, म्हणजे प्रतिसरकारनं काय केलं, पहिलं उत्तर येतं "पायाला पत्र्या ठोकल्या". गावागावात तेवढंच सांगितलं गेलं, पोरांना घाबरवायला पण तेच, आणि न्यायनिवाडे, लग्नं मागं पडली.

"मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?"

नाही, ते तर अजून वाईट. सगळेच खोटं बोलतात असं एकदा ठरवलं की आपण काही तपासायचंच सोडून देतो, आणि खोटं बोलणाऱ्याला तेच पाहिजे असतं. मी स्वतः एवढंच करतो की महत्त्वाची वाटलेली बातमी आपल्या साध्या बोलीत परत म्हणून बघतो, कुणी, कुणाला, कुठं, कधी, आणि हे सांगितलं कुणी. "पाकला दणका, मोठं नुकसान, सूत्रांची माहिती" हे असं म्हणून बघा. कुणी दणका दिला? कशाला? कुठं? किती नुकसान? कोण म्हणतंय? सगळी उत्तरं रिकामी आली की समजायचं इथं अजून बातमी नाही, थोडं थांबू. आता दुसरं बघा, "७ मेला पाकिस्ताननं पूंछ शहरावर तोफगोळे डागले, त्यात सामान्य माणसं मेली, लहान मुलं पण होती". यात कर्ता आहे, गाव आहे, दिवस आहे. आवाज न चढवता सांगितलं तरी हे पोटात जाऊन लागतं.

त्याच पूंछमध्ये मेलेल्यांत एक मदरशातले शिक्षक होते. तोफगोळ्यात मेलेल्या त्या माणसाचा फोटो काही चॅनेलनी दहशतवादी ठार म्हणून दाखवला. मुसलमान नाव, दाढी, आणि मेलेला माणूस, एवढ्यावर तयार वाक्य येऊन बसलं. पूंछ पोलिसांना निवेदन काढून सांगावं लागलं की ही बातमी खोटी आहे आणि या माणसाचा दहशतवादाशी काही संबंध नव्हता. त्यांच्या घरच्यांनी एकाच दिवशी आपलं माणूस गमावलं आणि त्याच्यावरचा तो शिक्का पण बघितला. हे मला आजही सहन होत नाही.

खंडन आलं तरी का पुरत नाही

कारण खोटी बातमी शंभर वेळा येते आणि खंडन एकदाच. पण अजून एक कारण आहे. १९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी तुकड्या-तुकड्यांनी वाचायला दिली. आधी आलं की कपाटात तेलाचे रंग आणि गॅसच्या टाक्या होत्या, पुढं दुरुस्ती आली की नाही, ते कपाट रिकामं होतं. दुरुस्ती लोकांच्या लक्षात होती, तरी आग एवढी का भडकली विचारलं की ते रंगांवर आणि टाक्यांवर बोट ठेवत होते. नुसतं "ते नव्हतं" म्हटलं की डोक्यात भोक पडतं आणि जुनंच परत येऊन बसतं. त्या जागी दुसरं खरं कारण दिलं, म्हणजे आग मुद्दाम लावल्याचा पुरावा सापडला वगैरे, तर मात्र जुनं बरंचसं सुटतं.

म्हणून घरच्या ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं तर "खोटं आहे, पाठवू नका" एवढ्यावर थांबू नका आणि तो स्क्रीनशॉट लाल फुली मारून परत तर अजिबात टाकू नका, त्यानं तेच चित्र अजून एकदा सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतं. खरं काय झालं ते आधी लिहा, साध्या वाक्यात, आणि कुणी सांगितलं ते लिहा. आणि दोन दिवसांनी कुणीतरी तेच परत टाकलं, टाकतातच, तर न चिडता परत तेच लिहा: काका, हे गृहस्थ पूंछचे शिक्षक होते, ७ मेला पाकिस्तानच्या तोफगोळ्यात वारले, पूंछ पोलिसांनी तसं स्पष्ट सांगितलंय.